नाव शोधल्यावर काम दिसायला हवं

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र सर्वांना मोफत खुलं केलं. तेव्हा वेब म्हणजे पानं. ज्याला गरज असेल तो शोधत यायचा. पुढे लिंक्डइन (२००३), फेसबुक (२००४) आणि ट्विटर (२००६) आले, आणि मजकूर आपणहून लोकांसमोर सरकू लागला. व्यावसायिकाला आज दोन्हींची गरज आहे, पण भरवसा स्वतःच्या वेबसाइटच्या पानावरच ठेवावा. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, गूगल प्लस २०१९ मध्ये. टिकटॉकवर भारतात जून २०२० मध्ये बंदी आली. तिथे जमवलेले फॉलोअर्स कुणालाही उचलून दुसरीकडे नेता आले नाहीत.

ऑनलाइन ओळख घडवायची तर सुरुवात इनकॉग्निटो विंडोपासून करा, म्हणजे ब्राउझरच्या त्या खासगी खिडकीपासून जिथे तुमचा आधीचा शोध धरला जात नाही. तिथे स्वतःचं नाव आणि गाव टाकून शोधा. नेहमीच्या विंडोत गूगल तुमच्या सवयीप्रमाणे निकाल दाखवतं, म्हणून ते चित्र फसवं असतं. नावाचं इंग्रजी स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. तावडेंनी एकीकडे व्ही आणि दुसरीकडे डब्ल्यू लिहिला, तर एकाच माणसाची दोन माणसं होतात.

आता लिंक्डइन. हेडलाइनला, म्हणजे नावाखालच्या ओळीला, २२० अक्षरं मिळतात, पण शोधयादीत आणि कमेंटशेजारी सुरुवातीचा तुकडाच दिसतो. एखादा स्ट्रक्चरल इंजिनिअर घेऊ. ‘संचालक, अनुभवी व्यावसायिक’ यातून काहीच कळत नाही. ‘जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट, मुलुंड ते ठाणे’ हे लिहा. मुंबईत ३० वर्षांपुढच्या इमारतींना हे ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, बंधनकारक आहे. सोसायटीचे सेक्रेटरी याच शब्दांनी शोधतात. कव्हरचा, म्हणजे प्रोफाइलच्या वरच्या चित्रपट्टीचा, आकार १५८४ बाय ३९६ पिक्सेल. त्यावरचा मजकूर उजवीकडे ठेवा, कारण डावीकडे खाली फोटोचं वर्तुळ बसतं. प्रोफाइलच्या पत्त्यामागची आकड्यांची शेपटी काढा, पण व्हिजिटिंग कार्ड छापण्याआधी.

स्वतःच्या पानासाठी डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घ्याल ते तुमच्याच नावाने आणि तुमच्याच ईमेलवर. वेबसाइट करून देणाऱ्याच्या खात्यात ते राहिलं, त्याने नूतनीकरण चुकवलं, की पत्ता गेला. पानावर प्रत्येक कामाचा एक परिच्छेद हवा. इमारत किती जुनी, तक्रार काय होती, रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक या काँक्रीटच्या चाचण्यांत काय निघालं, दुरुस्ती कुठे सुचवली. सोसायटीचं नाव परवानगीशिवाय घालू नका. हे सगळं टाइप केलेलं असावं. माहितीपत्रकाचा फोटो चिकटवला तर त्यातला मजकूर शोधात हमखास सापडेल याची खात्री नसते.

मराठीत लिहिणाऱ्यांचा घात बहुतेक वेळा फॉन्ट करतो. डीटीपीवाल्याकडच्या (छपाईसाठी मजकूर जुळवणाऱ्याकडच्या) जुन्या, युनिकोड नसलेल्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी उमटणारी अक्षरपद्धत न वापरणाऱ्या फॉन्टमधून मजकूर कॉपी केला की वेबवर इंग्रजी अक्षरांचा गचाळ गुंता उमटतो. आधी कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या आणि मग जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांखालून घाला. मोडतं ते तिथेच.

पोस्टला लिंक्डइनवर ३००० अक्षरं चालतात, पण ‘आणखी वाचा’च्या आधी जेमतेम दोन-तीन ओळी दिसतात. तिथे ‘नमस्कार मित्रांनो’ नको. ‘स्लॅबखालचं प्लास्टर पडतंय? नुसतं नवं प्लास्टर मारू नका, आत सळई गंजलेली असू शकते’ हे वाचून गरजवंत थांबेल. आठवड्याला एक पोस्ट पुरे, पण खाली आलेल्या प्रश्नांना उत्तर त्याच दिवशी द्या. खरी ओळख तिथेच होते. पोस्ट चार दिवसांत खाली जाते, म्हणून तोच मजकूर थोडा वाढवून आपल्या पानावरही ठेवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलेलं उत्तम उत्तर तर गूगलला दिसतच नाही. तेही तिथून उचलून पानावर आणा, विचारणाऱ्याचं नाव काढून.

वर्षातून दोनदा लिंक्डइन आणि फेसबुकच्या सेटिंग्जमधून आपल्या डेटाची प्रत मागवा. ईमेलवर डाउनलोडची लिंक येते. ती काही दिवसांतच बाद होते, तेव्हा लगेच उतरवून घ्या.