खवा धरा आणि सगळे विभाग फिरा

‘अन्नसुरक्षा शिकायचीय, कुठल्या विभागात प्रवेश घेऊ?’ असं विचारत मुलं येतात. मी उलट विचारते, पदार्थ कुठला धरणार? विद्यापीठात या विषयाला एक घर नाही. सूक्ष्मजीवशास्त्रवाले जंतू मोजतात, रसायनवाले भेसळ शोधतात, पशुवैद्यकवाले गाईच्या कासेपाशी थांबतात, विधीवाले कलमं लावतात आणि एकमेकांच्या सेमिनारला कुणी फिरकत नाही. म्हणून नुसती इलेक्टिव्ह गोळा करत बसू नका. एकच पदार्थ निवडा आणि तो घेऊन प्रत्येक विभागाचं दार वाजवा.

मी धाराशिवकडची. भूम-वाशी पट्ट्यात खव्याच्या भट्ट्या बघतच वाढले, म्हणून मी खवा धरला. तुम्ही कोकणातले असाल तर सुकी मासळी घ्या, सांगलीचे असाल तर बेदाणा. घरच्या भागातला पदार्थ असला की भट्टीवाले, व्यापारी मोकळेपणी बोलतात, हा मोठा फायदा.

सुरुवात सूक्ष्मजीवशास्त्रापासून. खव्यातला नेहमीचा संशयित स्टॅफिलोकॉकस ऑरियस. तो माणसाच्या नाकात आणि हाताच्या चिघळलेल्या जखमेत असतो. आटवताना जंतू मरतो, पण त्याने आधी सोडलेलं विष उकळूनही टिकतं. खाल्ल्यावर साधारण एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. आता पुढचा प्रश्न बघा: विष तयार कधी झालं? खवा गार झाल्यावर कुणी उघड्या हाताने गोळे वळले तेव्हा, की दूध भट्टीवर चढण्याआधी उन्हात तासन्‌तास पडून होतं तेव्हा? हाच जंतू गाईला कासदाह, आपल्याकडची दगडी, करतो. म्हणजे उत्तराचा अर्धा भाग पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या सार्वजनिक आरोग्य विभागात आहे. तिथे जाऊन दोन-चार गोठे बघितल्याशिवाय सूक्ष्मजीवशास्त्राचा प्रबंध लिहायला घेऊ नका.

रसायनशास्त्राचं काम त्या मानाने सरळ. आयोडीनचा थेंब टाकला आणि निळं झालं की पिष्ट, म्हणजे स्टार्च, मिसळलेलं आहे. मानकाप्रमाणे खव्याच्या कोरड्या भागात दुधाची स्निग्धता किमान ३० टक्के हवी. ती दुधाचीच आहे की वनस्पती तेलाची, हे ओळखायला आरएम व्हॅल्यू (रायकर्ट-माइसल मूल्य, दुधाची स्निग्धता ओळखणारा आकडा) काढायला शिका. ती काढायला वेळ लागतो, सहायकाशी गोडीत राहा.

खरं अडतं ते संख्याशास्त्रापाशी, आणि मुलं नेमकं तेच टाळतात. समजा, मोठ्या लॉटमध्ये शंभरातला एक डबा खराब आहे. त्यातले ६० डबे तपासले. एकही खराब डबा न सापडण्याची शक्यता किती? ०.९९ चा साठावा घात, म्हणजे जवळजवळ ५५ टक्के. अर्ध्याहून जास्त वेळा लॉट पास! शेवटी तपासून सुरक्षितता मिळत नाही, ती बनवतानाच सांभाळावी लागते, हे या एका गणितात कळतं. १९६० च्या दशकात नासाच्या अंतराळवीरांचं जेवण बनवताना पिल्सबरी कंपनीपुढे हाच पेच होता आणि त्यातूनच हॅसेप, म्हणजे बनवतानाच प्रत्येक टप्प्यावरचा धोका ओळखून तो रोखायची पद्धत, आली. हॅसेपची सात तत्त्वं पाठ करण्याआधी हे गणित हाताने सोडवा.

विधी विभागात जाल तेव्हा गाइड घेऊन जाऊ नका. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मूळातून वाचा. कलम ४७ प्रमाणे अन्न सुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करतो: एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (डेझिग्नेटेड ऑफिसर) आणि व्यावसायिकाने मागितलं तर चौथा अधिस्वीकृत, म्हणजे रीतसर मान्यता असलेल्या, प्रयोगशाळेत. विधीच्या सरांना तिथेच विचारा: शिसं चारही भागांत सारखं असेल हो, पण जंतू असतील का? वर्ग रंगतो. सोबत मॅगी नूडल्समधल्या शिशाचं प्रकरण वाचा. ५ जून २०१५ ला बंदी आली आणि १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कंपनीला बाजू मांडायची संधी मिळाली नव्हती आणि चाचणी केलेल्या प्रयोगशाळांच्या अधिस्वीकृतीतच खोट होती. न्यायालयाने नव्याने तपासणी करायला सांगितली. मशीनवरचा आकडा बरोबर असला, तरी कागद कच्चा असेल तर तो कोर्टात टिकत नाही. रसायनाच्या मुलांना हे कुणी शिकवत नाही.

समाजशास्त्र, अर्थशास्त्र थोडक्यात: खवा रात्रीच्या गाडीने बिनबर्फाचा का जातो, हे विचारायला शिका. त्यासाठी लोकांच्या मुलाखती घ्याल, तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी काढा. समितीच्या बैठका रोज होत नाहीत, आणि खव्याचा हंगाम, म्हणजे सणांचे दिवस, तुमच्यासाठी थांबत नाहीत. सहमार्गदर्शक दुसऱ्या विभागातला हवा असेल तर दोघांना एका टेबलाशी बसवा आणि कुठल्या प्रयोगशाळेत काय करायचं, शोधनिबंधावर कुणाचं नाव कुठे येणार, ते लिहून घ्या. तोंडी ठरवलेलं सबमिशनच्या महिन्यात कुणालाच आठवत नाही.

आता प्रवेशाचं. राज्यात परभणीचं अन्नतंत्र महाविद्यालय, माटुंग्याची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था), परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. बाहेर म्हैसूरचं सीएफटीआरआय, म्हणजे केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्था. बी.टेक.ला एमएचटी-सीईटी. पुढे पदव्युत्तर प्रवेशासाठी गेट परीक्षा द्यायची असेल तर जीवशास्त्राच्या पेपरात अन्नतंत्रज्ञानाचा भाग असतो. सध्याच्या पदवीत मायनर, म्हणजे दुय्यम, विषय घेता येतो; मुख्य विषय जीवशास्त्राचा असेल तर मायनर संख्याशास्त्र घ्या, माझं ऐका.

अन्न सुरक्षा अधिकारी व्हायचं असेल तर आणखी एक बघा. नियमांत अन्नतंत्र, दुग्धतंत्र, जैवतंत्रज्ञान, तेलतंत्र, कृषी, पशुवैद्यक, जैवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र यांतली पदवी, वैद्यकीय पदवी किंवा रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते. नुसत्या कायद्याच्या पदवीवर तिथे जाता येत नाही. ‘फूड सेफ्टी’ असं गोंडस नाव असलेला नवा अभ्यासक्रम निवडत असाल, तर पदवीच्या कागदावर नेमका कुठला विषय छापून येणार, ते फी भरण्याआधी कार्यालयात विचारून घ्या.