१९२०ची अमेरिका अभ्यासताना: जाझ नंतर, हप्ते आधी

एम.ए.ला अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर घेणाऱ्यांना १९२०चं दशक सोपं वाटतं. जाझ, केस आखूड कापलेल्या मुली, दारूबंदी, आणि २९ ऑक्टोबर १९२९ला कोसळलेला शेअर बाजार. एवढ्यावर पास होता येतं. पण काळ कळायला हवा असेल तर जाझ तूर्तास बाजूला ठेवा आणि मोटार हप्त्यावर कशी मिळायची ते आधी वाचा.

फोर्डची मॉडेल टी १९०८मध्ये ८५० डॉलरला होती. दशकाच्या मध्यावर ती ३०० डॉलरच्या खाली उतरली. जनरल मोटर्सने १९१९मध्येच गिऱ्हाइकांना कर्ज देणारी वेगळी कंपनी काढली, आणि दशक सरता सरता निम्म्याहून जास्त मोटारी हप्त्यांवर जात होत्या. काटकसरीचे गोडवे गाणारा समाज बिनदिक्कत उधारीवर रेडिओ घेऊ लागला. तरुण पोरं-पोरी आईबापांच्या नजरेआड फिरू लागली, रविवारी चर्चला जायचं की भटकायला यावर घरोघरी वाद झाले.

हे सगळं एका गावात पाहायचं तर इंडियाना राज्यातलं मन्सी. रॉबर्ट आणि हेलन लिंड हे जोडपं १९२४-२५मध्ये तिथे राहिलं आणि लोक कमावतात कसे, मुलं वाढवतात कशी, फुरसत घालवतात कशी, हे त्यांनी ‘मिडलटाउन’ या पुस्तकात बारकाईने टिपलं. मोटार, सिनेमा, रेडिओवरचा भाग आधी वाचा, तो कादंबरीसारखा सरकतो. मात्र गावातल्या कृष्णवर्णीयांना त्यांनी अभ्यासातून जवळजवळ वगळलं. म्हणून या काळाचं काहीही वाचताना ‘यात कोण नाही?’ असं समासात लिहीत जा.

शेतकरी नाहीत, हे लगेच दिसेल. युद्धानंतर धान्याचे भाव पडले ते सावरलेच नाहीत. १९३०मध्येही दहातल्या जेमतेम एका शेतघरात वीज होती. १९२०च्या जनगणनेत शहरी लोकसंख्या पहिल्यांदाच निम्म्याच्या वर गेली, ती या पार्श्वभूमीवर वाचा.

आणि परके नाहीत. इथे मी सर्वांत जास्त रेंगाळलो. तेव्हाच्या कायद्याने परदेशातून आलेल्याला नागरिकत्व हवं तर तो गोरा किंवा आफ्रिकी वंशाचा असावा लागे. नोव्हेंबर १९२२मध्ये सुप्रीम कोर्टाने जपानी ताकाओ ओझावांना नागरिकत्व नाकारलं: गोरा म्हणजे ‘कॉकेशियन’, तुम्ही ते नाही. तीनच महिन्यांनी अमेरिकी सैन्यात नोकरी केलेले पंजाबचे भगतसिंग थिंड आले. त्या काळच्या वंशशास्त्राप्रमाणे ते कॉकेशियन ठरत होते. कोर्टाने कसोटीच बदलली: शास्त्र राहू दे, सामान्य माणूस गोरा कुणाला म्हणतो ते पाहू! आणि थिंडनाही नाकारलं. दोन्ही निकाल न्यायमूर्ती सदरलँड यांचेच, आणि ते स्वतः इंग्लंडात जन्मलेले. पुढच्याच वर्षी १९२४चा स्थलांतर कायदा आला. भरभराट आणि दारं बंद करणं ही एकाच दशकाची कामं, वेगळ्या प्रश्नांची उत्तरं नव्हेत.

थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. निकालानंतर सरकारने त्यांचंही नागरिकत्व काढायला दावा लावला. तो मात्र ते जिंकले, कारण ते देणारा जुना हुकूम कोर्टाने अंतिम मानला. ओझावा, थिंड, पंडित याच क्रमाने वाचा. पहिले दोन निकाल इंटरनेटवर फुकट आहेत आणि एका दुपारी संपतात. कंटाळा आला तर लायब्ररी ऑफ काँग्रेसने खुली केलेली त्या काळची वर्तमानपत्रं उघडा, बातम्या सोडून थेट जाहिरातींच्या पानावर जा.