इल्मेनाइटच्या वाळूत कोळसा जाळायचा तर

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला दरवर्षी कोणीतरी केमिकल लूपिंग (हवेऐवजी धातूच्या ऑक्साइडमधल्या ऑक्सिजनवर इंधन जाळणं) निवडतं आणि पहिलाच प्रश्न येतो, "मॅडम, दोन रिअ‍ॅक्टर जोडायचे कसे?" जोडूच नका. मुंबईतल्या कॉलेजच्या लॅबमध्ये एक नळी पुरते.

साध्या बॉयलरमध्ये हवेबरोबर नायट्रोजनही येतो, म्हणून धुरात कार्बन डायऑक्साइड जेमतेम 12-15 टक्के असतो आणि तो वेगळा काढणं महागात पडतं. लूपिंगमध्ये कोळशाला हवा भेटतच नाही. धातूच्या ऑक्साइडचे कण एका रिअ‍ॅक्टरमध्ये कोळशाला ऑक्सिजन देतात आणि दुसऱ्यात जाऊन हवेतून परत घेतात. पहिल्यातून निघते वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. वाफ थंड केली की काम झालं. (1954 च्या लुइस-गिलिलँडच्या पेटंटला तर शुद्ध कार्बन डायऑक्साइडच तयार करायचा होता.) मोठ्या संचात कण फिरतात. आपण कण जागेवर ठेवून वायू बदलायचे.

नळी क्वार्ट्‌झची घ्या. प्रिन्सेस स्ट्रीटवर बोरोसिलिकेट स्वस्त मिळेल, पण ती 820 अंशांच्या आसपास मऊ पडते आणि आपल्याला 950 च्या वर जायचंय. आत सच्छिद्र चकती, तिच्यावर 20 ग्रॅम इल्मेनाइट, म्हणजे लोह आणि टायटॅनियमचं ऑक्साइड; ऑक्सिजन देणारे कण ते हेच. वायू चकतीखालून सोडायचा, म्हणजे वाळू उकळल्यासारखी उसळत राहते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत हेच खनिज असतं. 125 ते 180 मायक्रॉनमध्ये चाळून घ्या; त्याहून बारीक कण वायूबरोबर उडून जातात. कोळसा न टाकता हवा आणि मग थोडा हायड्रोजन मिसळलेला नायट्रोजन, अशी काही आवर्तनं आधी द्या. ताजं इल्मेनाइट सुस्त असतं, अशाने ते जागं होतं.

आता हिशेब. 1 ग्रॅम कार्बनला 2.67 ग्रॅम ऑक्सिजन लागतो. इल्मेनाइट वजनाच्या फार तर 5 टक्के ऑक्सिजन देतं, म्हणजे 20 ग्रॅममागे 1 ग्रॅम. कोळसा 0.2 ग्रॅम घेतला आणि त्यात 60 टक्के कार्बन धरला, तर 0.32 ग्रॅम ऑक्सिजन खर्च होईल. याहून फार ताणू नका. कण जास्त ऑक्सिजन गमावून बसले की एकमेकांना चिकटतात. नळीच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक एकदम पडला तर वाळू उसळायची थांबली समजा.

सुरू करताना निम्मी वाफ, निम्मा नायट्रोजन सोडा आणि कोळसा वरून टाका. आधी बाष्पशील भाग भसकन निघतो. तेव्हा मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड न जळताच निसटतात. मग उरलेला कोळसा वाफेशी हळूहळू लढून वायू बनतो आणि तो वायू वाळूतल्या ऑक्सिजनवर जळतो. वेळ लागतो तो कोळशाचा वायू व्हायला, वाळूला नाही. म्हणूनच बाहेर पडणारा वायू मोजणाऱ्या अ‍ॅनालायझरवर कार्बन डायऑक्साइड दिसला की मुलं खूश होऊन वायू बदलतात, ते मला खपत नाही.

वायू बदलण्याआधी नुसता नायट्रोजन सोडा, आकडे शून्यावर येईपर्यंत. आत मोनॉक्साइड असताना हवा सोडणं धोक्याचं, शिवाय मोजमापही बिघडतं. त्यानंतर नायट्रोजनमध्ये 5 टक्के ऑक्सिजन. आता जो कार्बन डायऑक्साइड निघेल तो तुमच्या हातातून सुटलेला. खऱ्या संचात तो हवेच्या रिअ‍ॅक्टरमधून चिमणीने गेला असता. अहवालात पहिला आकडा हाच हवा : दोन्ही टप्प्यांतल्या एकूण कार्बनपैकी किती टक्के पहिल्यात पकडला. तो कमी आला तर तापमान वाढवा, नाहीतर वाफेचा टप्पा लांबवा.

पावसाळ्यात अ‍ॅनालायझर सांभाळा. बर्फातला कंडेन्सर आणि त्यापुढे सिलिका जेल; जुलैत हे जेल नुसतं उघडं ठेवलं तरी सकाळपर्यंत रंग बदलतं, तेव्हा रोज ओव्हनमध्ये वाळवा. बाहेर जाणारा वायू फ्यूम हूडमध्येच सोडा, टेबलावर मोनॉक्साइडचा अलार्म ठेवा. लाइट गेली तर आधी कोळसा टाकणं थांबवा, वाफ बंद करा, नायट्रोजन चालू ठेवा.