एक गिगाबिटच्या लॅनवर वितरित प्रशिक्षण शिकताना

न्यूरल नेटवर्कचे प्रशिक्षण अनेक सर्व्हरवर वाटून चालवायला शिकायचे, तर एखादा मोठा क्लस्टर हाताशी असावाच लागतो, अशी नागपूरच्या महाविद्यालयांतून आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक नवोदितांची समजूत असते. मी येथील आयटी पार्क परिसरात हेच काम करतो आणि ही समजूत मला पटत नाही. ग्राफिक कार्ड असलेली प्रयोगशाळेतील चार यंत्रे आणि एक गिगाबिटचा साधा स्विच एवढ्यावर हा विषय अधिक चांगला समजतो, कारण तार संथ असली की यंत्रांच्या आपापसांतील देवाणघेवाणीचा खर्च लपून राहत नाही.

सुरुवात डेटा पॅरलल पद्धतीने करावी. तीत प्रत्येक यंत्रावर मॉडेलची पूर्ण प्रत असते, प्रत्येकाला वेगळी बॅच (नमुन्यांचा गट) मिळते, आणि दर पायरीला सर्वांचे ग्रेडियंट (मॉडेलमधील आकडे कुठल्या दिशेने किती बदलायचे हे सांगणारी मूल्ये) एकत्र करून त्यांची सरासरी पुन्हा सर्वांना दिली जाते. या क्रियेला ऑल-रिड्यूस म्हणतात. कोड लिहिण्याआधी वहीवर हिशेब मांडण्याची सवय लावून घ्यावी, असा माझा आग्रह असतो. रेसनेट-५० या चित्रे ओळखणाऱ्या मॉडेलमध्ये सुमारे २.५६ कोटी पॅरामीटर, म्हणजे शिकताना बदलणारे आकडे, आहेत. प्रत्येकी ४ बाइट धरल्यास ग्रेडियंट सुमारे १०२ मेगाबाइट भरतात. ऑल-रिड्यूसच्या रिंग पद्धतीत, म्हणजे यंत्रे वर्तुळात शेजारच्या यंत्राला माहिती देत जातात तेव्हा, प्रत्येक यंत्राला यंत्रसंख्येतून एक वजा करून, त्याची दुप्पट करून, यंत्रसंख्येने भागल्यावर जो गुणक येतो तितक्या पट माहिती पाठवावी लागते. चार यंत्रांसाठी ती दीडपट, म्हणजे सुमारे १५३ मेगाबाइट. एक गिगाबिटची तार सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट वाहते. म्हणजे जी गणना एका बऱ्यापैकी कार्डावर ३२ चित्रांच्या बॅचसाठी पाव सेकंदात उरकते, तिच्यामागे सव्वा सेकंद नुसती वाहतूक चालते, आणि चार यंत्रे मिळून एका यंत्रापेक्षाही हळू चालतात. पायटॉर्च या प्रशिक्षणाच्या सॉफ्टवेअरमधील डीडीपी ही डेटा पॅरलल यंत्रणा ग्रेडियंट साधारण २५ मेगाबाइटच्या गठ्ठ्यांत बांधून उलट दिशेची (बॅकवर्ड) गणना चालू असतानाच पाठवू लागते; पण जिथे गणनाच पाव सेकंदाची आहे, तिथे तिच्या आड झाकून झाकून किती झाकणार?

हा आकडा समोर आला की उपाय आपोआप सुचू लागतात. काही पायऱ्यांचे ग्रेडियंट स्थानिक पातळीवर साठवून एकदाच पाठवता येतात, किंवा ते १६ बिटांत दाबून पाठवता येतात. पहिल्या उपायाने एकूण बॅच मोठी होते आणि मग लर्निंग रेटचा, म्हणजे दर पायरीला पॅरामीटर किती बदलायचे याचा, प्रश्न उभा राहतो. फेसबुकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये २५६ जीपीयूंवर (ग्राफिक कार्डांवर) ८१९२ चित्रांची बॅच घेऊन इमेजनेट या चित्रसंग्रहावर रेसनेट-५० एका तासात प्रशिक्षित केले, तेव्हा बॅच जितक्या पट वाढली तितक्या पट लर्निंग रेट वाढवला होता; मात्र पहिल्या ५ एपॉकमध्ये (एपॉक म्हणजे संपूर्ण माहितीवरून एक फेरी) तो हळूहळू चढवत नेला होता. ही चढण वगळल्यास सुरुवातीलाच लॉस (मॉडेलच्या चुकीचे माप) भरकटण्याची शक्यता मोठी असते.

नवोदितांचा खरा वेळ मात्र गणितात जात नाही. सर्व प्रक्रिया सुरू होतात आणि कोणतीही त्रुटी न दाखवता नुसत्या थांबून राहतात, तेव्हा फायरवॉल, चुकीचे नेटवर्क कार्ड निवडले जाणे आणि एखाद्या यंत्राच्या वाट्याला कमी बॅच येणे, या तीन गोष्टी आधी तपासाव्यात. जीपीयूंमधील देवाणघेवाण सांभाळणाऱ्या एनसीसीएल लायब्ररीचा डीबग मजकूर चालू केल्यास दुसरे कारण लगेच सापडते. यंत्रांमध्ये माहिती वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटेड सॅम्पलरला दर एपॉकला एपॉकचा क्रमांक कळवावा लागतो. तो कळवला नाही तर माहिती प्रत्येक वेळी त्याच क्रमाने येते, आणि हे कोणी सांगितल्याशिवाय सहसा लक्षातही येत नाही.

आपल्याकडे आणखी एक शिक्षक आहे, तो म्हणजे मे महिना. नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत) खोलीचे तापमान वाढले की कोपऱ्यातील एखाद्या यंत्राचे कार्ड तापून स्वतःचा वेग कमी करते. समकालिक प्रशिक्षणात सर्वांना सर्वांत हळू यंत्रासाठी थांबावे लागत असल्याने एका कार्डाच्या तापण्याने चौघांचाही वेग घसरतो. म्हणून प्रत्येक यंत्राचा पायरीगणिक वेळ वेगळा नोंदवावा. (डेझर्ट कूलर माणसांसाठी ठीक आहे, त्याची दमट हवा यंत्रांच्या खोलीत नको.) दुपारी वीज जाण्याचा अनुभव असेल तर चेकपॉइंट (प्रशिक्षणाची तोवरची जतन प्रत) ठरावीक मिनिटांनी साठवावा, त्यात ऑप्टिमायझरची (पॅरामीटर बदलणाऱ्या भागाची) स्थितीही घ्यावी, आणि तो परत उघडून प्रशिक्षण पुढे चालते का हे एकदा मुद्दाम यंत्र बंद करून पाहावे.

मॉडेलचे तुकडे करण्याच्या पद्धती त्यानंतर शिकाव्यात. मिश्र अचूकतेत (१६ आणि ३२ बिटांचे आकडे मिळून) अॅडम हा ऑप्टिमायझर वापरल्यास प्रत्येक पॅरामीटरमागे सुमारे १६ बाइट लागतात, त्यामुळे ७०० कोटी पॅरामीटरचे मॉडेल ११२ गिगाबाइट मागते आणि ८० गिगाबाइटच्या ए१०० कार्डातही मावत नाही. हा भार यंत्रांमध्ये वाटून घेणाऱ्या झीरो आणि एफएसडीपी या पद्धतींची गरज तिथून सुरू होते.

मुलाखतीत उमेदवाराने किती जीपीयू वापरले हे आम्ही विचारत नाही. चार यंत्रांवर वेग किती पट झाला आणि चारपट का झाला नाही, एवढेच विचारतो. प्रोफायलरचा (कोणत्या कामाला किती वेळ लागला हे मोजणाऱ्या साधनाचा) आलेख समोर ठेवून उरलेला वेळ कुठे गेला हे दाखवणाऱ्या उमेदवाराशी पुढचे बोलणे बहुधा लांबते.