तान्ह्या बाळाच्या मणक्यातील पाण्याच्या पहिल्या तपासणीची तयारी

एक वर्षाच्या आतील बाळाला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले, की तो मेंदूपर्यंत पोहोचला आहे का हे पाहण्यासाठी कमरेत सुई घालून मणक्यातील पाणी काढतात. मोठ्या मुलांपेक्षा तान्ह्या बाळांत असे अधिक वेळा घडते आणि पुष्कळदा बाहेरून काहीच जाणवत नाही. त्यामुळे बाळ हसते-खेळते आहे म्हणून ही तपासणी टाळण्याचा आग्रह कृपया धरू नये. मात्र पहिल्याच सुईत रक्त मिसळले, तर सापडलेल्या कर्कपेशी पाण्यातल्या की रक्तातल्या, हे ठरवणे अवघड होते, शिवाय रक्तातील पेशी पाण्यात शिरण्याचा धोकाही मानला जातो. म्हणूनच अनुभवी हात आणि पुरेशा प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) या दोन गोष्टींसाठी थांबावे लागले तर कुरकुर नसावी. अनेक ठिकाणी निदान 50,000, तर काही ठिकाणी पहिल्या वेळी 1 लाख प्लेटलेट असाव्यात असा दंडक आहे. कमी पडल्यास द्यायच्या प्लेटलेट साठवणीत साधारण पाचच दिवस टिकतात, तेव्हा सोलापुरातील रक्तपेढीशी आधीच बोलून ठेवावे.

बाळ शांत असताना, मांडीवर उभे धरूनही टाळू फुगलेली दिसते का, उलट्या किंवा गुंगी आहे का, डोळा तिरळा झाला आहे का, रडताना चेहऱ्याची एक बाजू हलत नाही का, हे पाहून डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अशा खुणा असल्यास सुईआधी मेंदूचे स्कॅन करावे लागू शकते. आधी कुठे स्टेरॉईड दिले गेले असेल, तर तो कागद सोबत हवाच.

भूल द्यायची असल्यास सामान्यतः आईचे दूध चार तास, वरचे दूध सहा तास आधी थांबवतात. नेमकी वेळ भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्यावी, कारण तान्ह्याला विनाकारण जास्त उपाशी ठेवणेही बरे नव्हे. बहुधा त्याच सुईतून औषधही देतात, त्याची संमती आधी समजून घ्यावी.

पाण्यातील पेशी तासाभरात नासू लागतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर नमुना बाकावर पडून राहता कामा नये. तो लगेच कोण नेणार आणि प्रयोगशाळा त्या वेळी उघडी असेल का, हे आदल्या दिवशी ठरवावे. नमुना पुण्या-मुंबईला जाणार असेल, तर पेशी टिकवणारी वेगळी नळी लागेल का, हे विचारावे.

अहवालात पांढऱ्या पेशी, तांबड्या पेशी आणि कर्कपेशी या तिन्हींची नोंद असावी. कर्कपेशींसह पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला 5 किंवा अधिक असतील आणि नमुन्यात रक्त नसेल, तर आजार मेंदूपर्यंत गेल्याचे धरतात; तांबड्या पेशी 10 किंवा त्याहून जास्त असल्यास नमुन्यात रक्त मिसळल्याचे मानून निष्कर्ष जपून काढतात. बार्शी, पुणे किंवा मुंबईला पुढे जावे लागले, तर याच आकड्यांची प्रत आधी मागितली जाते.