जाळ्याची खूण शोधत: राणी लिओनोरच्या कामामागे दोन दिवस

लिस्बनला आमच्याकडे कोणी आलं की मी त्यांना दोन दिवस मागून घेते. राजवाडे नंतर बघू, आधी लिओनोरकडे जाऊ, असं सांगते. 1458 साली जन्मलेली, दुसऱ्या जुआंव राजाची ही राणी. पोर्तुगालमध्ये आजही कोणाच्या म्हाताऱ्या आईची सोय करायची झाली की 'सांता काझात विचारा' असं म्हणतात. ती संस्था हिने सुरू केलेली आहे. तुम्ही एकटे येणार असाल, तर मी नेते तसे जा.

आधी एक खूण लक्षात ठेवा: कोळंबी पकडायचं, झोळीसारखं लोंबणारं जाळं. 1491 मध्ये तिचा एकुलता एक मुलगा आफोन्सु सांतारेंजवळ नदीकाठी घोड्यावरून पडून गेला. सोळा वर्षांचा होता. कोळ्यांनी त्याला जाळ्यात घालून उचलून नेलं, असं परंपरा सांगते. राणीने पुढे तेच जाळं आपलं चिन्ह केलं. दगडात कोरलेलं जाळं दिसलं की समजा, ही तिची जागा.

पहिला दिवस काल्दश दा राइन्यासाठी ठेवा. नावाचा अर्थच 'राणीची गरम पाण्याची कुंडं'. लिस्बनच्या कांपु ग्रांदेवरून बस पकडा, सव्वा तासाच्या आसपास लागतो. सकाळी लवकर निघा, म्हणजे प्रासा दा फ्रुता या चौकातला उघड्यावरचा फळबाजार भरलेला सापडेल. तिथून उतारावर चालत रुग्णालयाकडे जा. सांगतात ते असं, की 1484 मध्ये ओबिदुशहून बताल्याला जाताना राणीला वाटेत गरीब माणसं वास मारणाऱ्या डबक्यात बसलेली दिसली. विचारल्यावर ती माणसं म्हणाली, या पाण्याने दुखणी बरी होतात. पुढच्याच वर्षी तिने तिथे रुग्णालयाचं काम सुरू केलं. गंधकी पाण्यावर चालवलेलं हे जगातलं सर्वांत जुनं रुग्णालय मानलं जातं. मात्र समोर दिसते ती इमारत अठराव्या शतकात पुन्हा बांधलेली आहे. तिच्या काळातलं काही हवं असेल तर मागच्या बाजूच्या पोपुलु चर्चमध्ये जा. ते 1500 सालचं.

इथे थोडं बसा आणि 1484 हे साल पुन्हा आठवा. त्याच वर्षी तिच्या नवऱ्याने कटाच्या आरोपावरून तिच्या सख्ख्या भावाला स्वतःच्या हाताने भोसकून मारलं होतं. त्याच नवऱ्याच्या घरात राहून ही बाई रुग्णालय उभारत होती. मला ही गोष्ट समजली तेव्हापासून त्या चर्चमध्ये मी घाई करत नाही.

दुसऱ्या दिवशी लिस्बन, सगळं पायी. सुरुवात से कॅथेड्रलच्या ओवऱ्यांपासून करा. 15 ऑगस्ट 1498 रोजी इथल्या एका छोट्या देवळीत 'मिझरिकॉर्दिया' म्हणजे दयेची बंधुसभा स्थापन झाली, हीच ती सांता काझा. नवऱ्यानंतर राजा झालेला तिचा धाकटा भाऊ मानुएल तेव्हा परदेशी होता आणि राज्याचा कारभार लिओनोर बघत होती. दयेची चौदा कामं ठरली, सात शरीराची आणि सात मनाची: भुकेल्याला अन्न, आजाऱ्याची शुश्रूषा, कैद्यांची भेट, दुःखी माणसाचं सांत्वन. सभासद निम्मे खानदानी आणि निम्मे कारागीर असत. मला सर्वांत भिडतं ते फाशी गेलेल्यांचं काम. सभासद त्यांच्यासोबत वधस्तंभापर्यंत चालत जात, आणि वर्षातून एकदा, 1 नोव्हेंबरला, तिथे उरलेली हाडं गोळा करून मानाने पुरत.

तिथून खाली उतरून रुआ दा आल्फांदेगावर कन्सेइसांव व्हेल्याचा दरवाजा बघा. 1755 च्या भूकंपात मिझरिकॉर्दियाचं चर्च पडलं, हा दरवाजा वाचला. वरच्या शिल्पात मरियेने पसरलेल्या झग्याखाली राजा, पोप आणि लिओनोर गुडघे टेकून आहेत. मान वर करून नीट बघा, बरेच जण न बघताच पुढे जातात.

भूकंपानंतर संस्था चढावरच्या सांव रोक चर्चमध्ये गेली, ती अजून तिथेच आहे. 1783 पासून लॉटरी चालवायचा हक्क तिच्याकडे आहे आणि त्या पैशातून आजही म्हाताऱ्यांची, मुलांची, आजाऱ्यांची कामं चालतात. संस्थेच्या दप्तरात टाकून दिलेल्या बाळांसोबत आलेल्या खुणा जपल्या आहेत: अर्धा फाडलेला कागद, फितीचा तुकडा. उरलेला अर्धा आईकडे असे, कधी परत येता आलं तर ओळख पटावी म्हणून.

शेवट शाब्रेगसच्या माद्रे दे देउश मठात करा. हा तिने 1509 मध्ये बांधला, आता तिथे अझुलेजुंचं म्हणजे रंगीत फरश्यांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. उघडं आहे ना, ते आधी पाहा. सोमवारी बंद असतं. फरश्यांच्या नादात छोट्या ओवरीतली दारालगतची साधी शिळा चुकवू नका. 1525 मध्ये लिओनोर गेली, ती इथे आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय पडावेत म्हणून तिने वाटेवरची जागा मागितली होती, असं सांगतात.

सासूबाईंना मी इथे आणलं तेव्हा त्या शिळेवर पाय ठेवायला तयार होईनात. तिचीच इच्छा होती म्हटल्यावर त्यांनी बूट काढून हातात घेतले आणि अनवाणी पलीकडे गेल्या.