आकृती काढताना या चुका टाळा

पुणे मेट्रोच्या रेषांच्या नकाशावर पट्टी ठेवून कोणी किलोमीटर मोजत नाही. वनाझहून स्वारगेटला जायचं तर गाडी जिल्हा न्यायालय स्थानकात बदला, एवढं कळलं की त्याचं काम झालं. १९३३ साली लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी हॅरी बेक या आरेखकाने केलेला असा नकाशा छापला गेला, तो याच हिशेबाने: प्रवाशाला जे विचारायचंय तेवढंच ठेवा. बहुतेक आकृत्या फसतात, कारण काढणाऱ्याने आपला प्रश्नच ठरवलेला नसतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक स्तंभालेखात. पुणे महापालिका हद्दीची लोकसंख्या २००१ साली सुमारे २५.४ लाख होती, २०११ साली ३१.२ लाख. म्हणजे वाढ २३ टक्क्यांच्या आसपास. पण उभा अक्ष शून्याऐवजी २४ लाखांपासून सुरू केला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या पाचपट उंच दिसतो! आकडे खरे, चित्र खोटं. एक्सेलमध्ये 'फॉरमॅट ॲक्सिस' उघडून 'मिनिमम'मध्ये ० टाका. रेषालेखाला मात्र ही सक्ती नाही. पुण्याचं रोजचं तापमान शून्यापासून दाखवलं तर रेघ सपाटच दिसेल.

आकडे दाखवायला लहान-मोठी वर्तुळं काढली तर त्यांचीही हीच गत. आकडा दुप्पट झाला म्हणून व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होतं. व्यास साधारण १.४ पट करा.

वृत्तालेख (पाय चार्ट) फक्त एका पूर्णाच्या वाटण्यांसाठी. 'कामाला कसे जाता?' या प्रश्नाला एकाच माणसाने पीएमपी बस आणि दुचाकी दोन्हींवर खूण केली असेल, तर बेरीज शंभराच्या वर जाते. तिथे स्तंभ काढा. आणि त्रिमितीय वृत्तालेख नकोच, पुढची फोड उगाच मोठी दिसते.

शाळेच्या वहीत: प्रकाशकिरणांच्या आकृतीत किरणांवरचे बाण विसरू नका, भागांची नावं दाखवणाऱ्या रेषा एकमेकींना छेदू देऊ नका.

प्रवाह तक्त्यात (फ्लोचार्टमध्ये) चौकोन-बाण सुबक असतात, पण परतीचा बाण राहतो. सोसायटीच्या पाण्याच्या मोटरचंच घ्या. 'टाकी भरली का?' या प्रश्नातून 'हो' आणि 'नाही' असे दोन बाण निघायला हवेत. 'हो'ने मोटर बंद. 'नाही'ने मोटर चालू ठेवायची आणि पुन्हा त्याच प्रश्नाकडे यायचं. हा परतीचा बाण नसेल तर कागदावरची मोटर बंदच होत नाही. तक्ता वॉचमनकाकांना द्या, बाणांवरून बोट फिरवायला सांगा. बोट थांबलं तिथे दुरुस्ती करा.